भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ (१८७८ चा अधिनियम क्रमांक ६) हा जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वास्तूत दडलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या मौल्यवान वस्तूंविषयीचा भारतातील मूळ कायदा आहे. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना, जुन्या वाड्याची भिंत उतरवताना किंवा मेटल डिटेक्टर अर्थात धातुशोधक यंत्र फिरवताना हाती लागलेली जुनी नाणी, दागिने, भांडी, मूर्ती अशा सर्व वस्तूंना तो लागू होऊ शकतो. मराठीत अशा ठेव्याला गुप्तधन, पुरलेले धन किंवा नुसते 'हंडा' म्हणतात. 'निखात निधी' हा कायद्याच्या भाषेतील शब्द असून 'निखात' म्हणजे पुरलेला.

या कायद्याविषयी परस्परविरोधी असे दोन समज रूढ आहेत. जमिनीत सापडलेले सर्व काही सरकारजमा होते, हा पहिला. आणि आपल्या शेतात सापडले ते आपलेच, हा दुसरा. कायद्याच्या तरतुदी पाहता दोन्ही समज चुकीचे ठरतात. सापडलेला निधी अस्वामिक, म्हणजे बेवारस ठरला, तर त्यातील मोठा वाटा शोधणाऱ्याला देण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र हा हक्क शोधाची लेखी खबर दिल्यावरच टिकतो. खबर दडवणारा वाटाही गमावतो आणि शिक्षेलाही पात्र होतो.

पार्श्वभूमी

पुरलेल्या धनावर हक्क कोणाचा, हा प्रश्न भारतीय विधिपरंपरेत प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधी शोधून त्याची खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा आणि शोधणारा सेवक असल्यास बारावा हिस्सा सांगितला आहे. एक लाख पणांहून मोठा निधी राजाचा मानला आहे. मनुस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती यांतही निधीच्या वाटणीचे नियम आहेत. त्यांत शोधणाऱ्याच्या वर्णानुसार भेद केलेला असून विद्वान ब्राह्मणाला सापडलेला निधी संपूर्णपणे त्याचाच मानला आहे.

इंग्रजांच्या देशातील परंपरा निराळी होती. तेथे मालक अज्ञात असलेले पुरलेले सोने व चांदी राजसत्तेचे मानले जाई. भारतात १८७८ मध्ये कायदा करताना ही परंपरा जशीच्या तशी आणली गेली नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात, १३ फेब्रुवारी १८७८ रोजी संमत झालेल्या या अधिनियमाने निधी सरकारचा असल्याचे जाहीर केले नाही. शोधणारा व जागेचा मालक यांच्यात तो कसा वाटायचा हे ठरवले आणि सरकारकडे तो विकत घेण्याचा अधिकार ठेवला. महसूल प्रशासनाने मालमत्तेचा तंटा मिटवण्यासाठी आखावी, तशी या कायद्याची रचना आहे. पुरातत्त्वाचा उल्लेख त्यात जवळजवळ नाही, आणि पुढे उद्भवलेल्या बऱ्याच अडचणींचे मूळ येथेच आहे.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत 'निखात निधी' हा विषय राज्यसूचीत (नोंद ४४) आहे. त्यामुळे राज्यांना या विषयावर स्वतंत्र कायदे करता येतात. कर्नाटकाने १९६२ मध्ये व केरळने १९६८ मध्ये तसे कायदे केले.

व्याख्या

अधिनियमाच्या कलम ३ नुसार निधी म्हणजे जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कोणत्याही गोष्टीत दडलेली, काहीएक मूल्य असलेली कोणतीही वस्तू. या छोट्या व्याख्येत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. धातूची अट नसल्यामुळे सोन्याच्या होनाइतकीच तांब्याची शिवराई, दगडी मूर्ती किंवा काशाचे भांडेही निधी ठरू शकते. प्राचीनतेचीही अट नाही. किती वर्षे जुनी वस्तू निधी मानायची याची मर्यादा व्याख्येत दिलेली नाही. तिसरी गोष्ट म्हणजे 'जमिनीला जोडलेल्या' या शब्दांमुळे वाड्याच्या भिंतीतील कोनाडा, तळघर, देवळीमागची पोकळी हीदेखील कायद्याच्या कक्षेत येतात.

खबर देण्याचे बंधन १० रुपयांहून अधिक रकमेच्या वा मूल्याच्या निधीला लागू होते. १८७८ मध्ये १० रुपये म्हणजे चांदीचे १० रुपये होते. त्या काळच्या रुपयाचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. म्हणजे ही मर्यादा सुमारे १०७ ग्रॅम शुद्ध चांदीइतकी होती. आकडा तसाच राहिला आणि रुपयाचे मूल्य घसरत गेले. परिणामी चांदीचे एकच जुने नाणे सापडले तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. किरकोळ शोधांना वगळण्यासाठी घातलेली अट आज कोणालाच वगळत नाही.

कार्यपद्धती

निधी सापडताच शोधणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्याला लेखी सूचना द्यावी, असे कलम ४ सांगते. सूचनेत निधीचे स्वरूप व अंदाजे मूल्य, सापडल्याचे ठिकाण आणि तारीख या गोष्टी असाव्या लागतात. त्यासोबत निधी जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावा लागतो, किंवा मागणी होईल तेव्हा तो हजर करू असा जामीन द्यावा लागतो. व्यवहारात ग्रामीण भागातील बहुतेक प्रकरणे पोलीस पाटील, तलाठी, तहसीलदार किंवा पोलीस ठाणे यांच्यामार्फत वर जातात. परंतु कायद्याने नेमलेला अधिकारी जिल्हाधिकारीच आहे.

त्यानंतर जिल्हाधिकारी आवश्यक ती चौकशी करून जाहीर अधिसूचना काढतो. निधीवर हक्क सांगणाऱ्यांनी अमुक दिवशी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावे, असे तीत म्हटलेले असते. हा दिवस अधिसूचनेपासून ४ महिन्यांच्या आत किंवा ६ महिन्यांच्या नंतर असू शकत नाही. जागेचा ताबा शोधणाऱ्याव्यतिरिक्त अन्य कोणाकडे असल्यास त्याला स्वतंत्र नोटीस बजावावी लागते. जो हजर राहत नाही त्याचा हक्क संपतो.

ठरलेल्या दिवशी दोन बाबी तपासल्या जातात: निधी कोणाला, कोठे व कोणत्या परिस्थितीत सापडला, आणि शक्य तितपत, तो कोणी व कोणत्या परिस्थितीत पुरला होता. येथे १०० वर्षांची कसोटी महत्त्वाची ठरते. सापडण्यापूर्वीच्या १०० वर्षांच्या आत दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वाधिकाऱ्याने तो पुरला असावा, असे मानण्यास जागा असेल, तर सुनावणी तहकूब करून दावेदाराला दिवाणी न्यायालयात जाण्यासाठी मुदत दिली जाते. उदाहरणार्थ, १९४८ च्या सुमारास मराठवाड्यातील एखाद्या कुटुंबाने रझाकारांच्या धामधुमीत घराच्या ओसरीखाली दागिने पुरले असतील आणि ते घर विकल्यानंतर नव्या मालकाच्या हाती लागले असतील, तर पुरणाऱ्याच्या वारसांना हा मार्ग खुला आहे. दावेदार पुढे न आल्यास किंवा दावा न टिकल्यास जिल्हाधिकारी निधी अस्वामिक असल्याचे घोषित करतो. या घोषणेविरुद्ध २ महिन्यांत वरिष्ठ महसुली प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते.

वाटणी

अस्वामिक ठरलेल्या निधीच्या वाटणीचे नियम सुटसुटीत आहेत. शोधणाऱ्याशिवाय कोणीही जागेचा मालक म्हणून पुढे आला नाही, तर संपूर्ण निधी शोधणाऱ्याला मिळतो. जागेचा मालक वेगळा असून त्याच्या मालकीबद्दल वाद नसेल, तर दोघांमध्ये आधी झालेला करार पाळला जातो. करार नसल्यास तीन चतुर्थांश निधी शोधणाऱ्याला व उरलेला एक चतुर्थांश मालकाला दिला जातो. मालकीबद्दल तंटा असल्यास दिवाणी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कार्यवाही थांबते.

हे प्रमाण शोधणाऱ्याच्या बाजूने झुकलेले आहे. दुसऱ्याच्या शेतात विहीर खणणाऱ्या माणसाला हंडा सापडला, तर कायद्याच्या हिशेबाने त्याचा वाटा जमीनमालकाच्या तिप्पट ठरतो. प्रत्यक्षात गावातील सत्तासंबंध पाहता मजूर एवढा वाटा मागण्यास पुढे येईल का, हा निराळा प्रश्न आहे.

शासनाकडून संपादन

अधिनियमाचा सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत वादग्रस्त भाग म्हणजे कलम १६. निधी अस्वामिक घोषित झाल्यानंतर व तो वाटला जाण्यापूर्वी जिल्हाधिकारी संपूर्ण निधी किंवा त्याचा काही भाग शासनासाठी संपादित करू शकतो. त्यासाठी हक्कदारांना द्यायची रक्कम कायद्यानेच ठरवली आहे: निधी ज्या द्रव्याचा बनला आहे त्या द्रव्याची किंमत, अधिक त्या किमतीचा एक पंचमांश.

संग्रहालयांत पोहोचणारी बरीच निधीनाणी याच मार्गाने शासनाकडे येतात. मात्र या सूत्रात नाण्याचे मोल त्याच्या धातूवर ठरते. दुर्मिळता, लेख, टांकसाळ, राजा यांना किंमत नाही. सोन्याच्या बाबतीत हा फरक काहीसा सुसह्य असतो, कारण सोन्याची किंमतच मोठी असते. चांदीच्या बाबतीत तो वाढतो आणि तांब्याच्या बाबतीत सूत्र निरर्थक होते. शिवराईत असते ते काही रुपयांचे तांबे. तिच्यावरील 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' या अक्षरांसाठी संग्राहक जे मोजतो, त्याचा या हिशेबात कोठेही विचार नाही.

शोधणाऱ्यापुढील पर्याय त्यामुळे विचित्र होतात. खबर दिली तर महिनोन्‌महिने सुनावणी आणि शेवटी धातूची किंमत अधिक २० टक्के. खबर न देता सराफाकडे वितळवले तर धातूची किंमत लगेच हाती, आणि नाण्यांच्या चोरट्या बाजारात विकले तर त्याहून कितीतरी अधिक. अर्थात तुरुंगाची जोखीम पत्करून. कायद्याने प्रामाणिकपणासाठी ठेवलेले बक्षीस आणि अप्रामाणिकपणातून होणारा लाभ यांतील हे अंतर निधी नष्ट होण्याचे एक प्रमुख कारण मानावे लागते.

शिक्षा

कलम ४ प्रमाणे खबर न देणाऱ्या, निधी जमा न करणाऱ्या किंवा त्याचे स्वरूप बदलून त्याची ओळख लपवू पाहणाऱ्या शोधणाऱ्याचा वाटा शासनाकडे जातो. याखेरीज दंडाधिकाऱ्यासमोर दोष सिद्ध झाल्यास १ वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. जागेच्या मालकाने या गुन्ह्याला साथ दिल्यास त्याचाही वाटा जातो आणि त्याला ६ महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सापडलेली वस्तू स्वतःची नाही हे ठाऊक असूनही ती अप्रामाणिकपणे वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली वेगळा गुन्हा ठरू शकतो.

डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखली परिसरात बांधकामाच्या खोदाईत सापडलेली २१६ सुवर्णनाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. ती मोगल बादशहा मुहम्मद शाह याच्या काळातील असल्याचे सांगण्यात आले. सापडल्यावर खबर देण्यात आली नव्हती. पोलिसांना सुगावा लागल्यानंतर प्रकरण उघडकीस आले. अशा वेळी हाती लागलेली नाणी वाचतात, पण ती कोणत्या भांड्यात, किती खोलीवर आणि आणखी कशासोबत होती, ही माहिती बहुधा गमावलेली असते.

नाणी एकत्र राहण्याचे महत्त्व

सुटे नाणे आणि एकत्र सापडलेला नाण्यांचा साठा यांत अभ्यासकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. महाराष्ट्रातील याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला निधी. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा उमटवला होता: एका बाजूला तीन कमानींचा पर्वत आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नहपानाचा चेहरा व ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपींतील लेख या नव्या छापाखालून अर्धवट डोकावतात.

नाशिकच्या पांडवलेणीतील लेणे क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात तिच्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याचे म्हटले आहे. राजमातेने केलेली ही स्तुती किती खरी मानावी, याचे उत्तर जोगळटेंभीच्या नाण्यांनी दिले. पराभूत राजाचे चलन जेत्याने आपल्या नावाने पुन्हा चालवले होते, हे हजारो नाण्यांवर दिसत होते. यांतील १०-२० नाणी सुटी होऊन बाजारात आली असती, तर पुन्हा छापलेली नाणी ही एक विक्षिप्त बाब वाटली असती. मूळ व पुनर्मुद्रित नाण्यांचे परस्परांशी प्रमाण हा पुरावा साठा एकत्र राहिला म्हणूनच मिळाला.

याच्या उलट उदाहरणे अनेक आहेत. १७८३ मध्ये कोलकात्याजवळ कालीघाट येथे गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा साठा सापडला. तो वॉरन हेस्टिंग्जच्या हाती आला व त्याने तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे लंडनला पाठवला. तेथे काही नाणी संग्रहांना वाटली गेली आणि उरलेली बरीचशी वितळवली गेल्याचे सांगितले जाते. भरतपूर संस्थानात बयानाजवळ १९४६ मध्ये मिळालेल्या गुप्त सुवर्णनाण्यांच्या निधीतून १,८०० हून अधिक नाणी वाचली. अनंत सदाशिव अळतेकर यांनी त्यांची सूची सिद्ध केली, आणि गुप्त राजांच्या नाण्यांच्या अभ्यासाचा तो पाया ठरला. गावकऱ्यांनी आधीच वितळवलेली नाणी मात्र त्या सूचीत येऊ शकली नाहीत.

नाण्यांपलीकडचे एक उदाहरण दायमाबादचे आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या या स्थळी १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. बहुतेक संशोधक त्या उत्तर हडप्पा काळातील मानतात, डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावरून याबद्दल शंका घेतली. वस्तू शास्त्रीय उत्खननात, विशिष्ट थरात मिळाल्या असत्या तर हा वाद इतका लांबला नसता.

मेटल डिटेक्टरचा छंद

केवळ छंद म्हणून मेटल डिटेक्टर बाळगण्यास परवाना लागेल, असा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. यंत्र बाळगण्याला बंदी नसली, तरी ते कोठे फिरवले जाते आणि त्याने दाखवलेल्या जागी काय केले जाते, यावर बंधने आहेत.

पहिले बंधन जागेचे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ नुसार केंद्राने संरक्षित घोषित केलेल्या क्षेत्रात परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही. संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९६० लागू होतो. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी स्थळांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व सुवर्णदुर्ग केंद्राच्या, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर व खांदेरी राज्याच्या संरक्षणाखाली आहेत. पावसाळ्यानंतर गडाच्या उतारावर माती धुपून शिवराई उघडी पडते, हे दुर्गभटक्यांना ठाऊक असते. संरक्षित गडावरील असे नाणे खिशात घालणे हा निरागस संग्रह ठरत नाही.

दुसरे बंधन खोदण्याच्या हेतूचे आहे. संरक्षित क्षेत्राबाहेरही पुरातत्त्वीय हेतूने उत्खनन करायचे किंवा त्यास परवानगी द्यायची, तर राज्य शासनालासुद्धा केंद्र शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. व्यक्तीने यंत्राच्या आवाजावर विसंबून पांढरीच्या टेकाडात खड्डे पाडण्याला यात जागा नाही. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राखमिश्रित मऊ माती. शेतात टाकण्यासाठी ती नेण्याची पद्धत जुनी आहे, आणि कित्येक प्राचीन वस्त्यांची टेकाडे त्यामुळे झिजली आहेत.

खासगी शेतात मालकाच्या संमतीने यंत्र फिरवले आणि काही सापडले, तर निखात निधी अधिनियम लागू होतो. संमती घेताना वाटणीबाबत लेखी करार केला असेल तर तो कायद्याने मान्य होतो. नसेल तर तीन चतुर्थांश व एक चतुर्थांश हे प्रमाण लागू होते. संमतीविना दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा अर्थातच वेगळा गुन्हा होऊ शकतो. सापडलेले नाणे घासूनपुसून, चिंच किंवा आम्ल लावून चकचकीत करणे कायद्याने नव्हे, पण मुद्राशास्त्राच्या दृष्टीने घातक आहे. त्याने पृष्ठावरील बारीक अक्षरे कायमची नाहीशी होतात.

जुनी नाणी बाळगणे, विकणे आणि परदेशी नेणे

वारशाने आलेली किंवा विकत घेतलेली जुनी नाणी बाळगणे बेकायदा नाही. त्यांच्यावरील नियंत्रण पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ मधून येते. हा अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार किमान १०० वर्षे अस्तित्वात असलेले नाणे ही पुरावस्तू आहे. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि पुरावस्तूची निर्यात केंद्र शासन किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांनाच करता येते. बेकायदा निर्यातीसाठी किमान ६ महिने व कमाल ३ वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

१०० वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अधिनियम लागू झाला तेव्हा पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये पुरावस्तू नव्हते. १९११ ते १९२२ या काळातील ते रुपये आता त्या व्याख्येत बसतात. राणीछाप रुपये तर केव्हाच बसले. त्यामुळे परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने आजीच्या पेटीतील राणीछाप रुपये आठवण म्हणून सामानात नेले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती पुरावस्तूची निर्यात होते. एखादी वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळू शकते, पण ते १०० वर्षांहून जुन्या नाण्यासाठी मिळणार नाही.

गुप्तधनाच्या नावाने होणारे गुन्हे

महाराष्ट्रात गुप्तधनाचा शोध यंत्रापेक्षा मांत्रिकाच्या सल्ल्याने घेतला जाण्याचे प्रकार अधिक काळ चालत आले आहेत. पायाळू माणसाला पुरलेले धन दिसते, धनावर नाग बसलेला असतो, ते उचलण्यासाठी बळी द्यावा लागतो, अशा समजुतींतून फसवणूक आणि क्वचित नरबळीचे गुन्हे घडले आहेत. २०१३ चा महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा प्रतिबंध अधिनियम आपल्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करतो. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कारावास व ५ हजार ते ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

अशा मोहापासून शासनयंत्रणाही अलिप्त राहिलेली नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात डौंडियाखेडा येथे एका साधूला १,००० टन सोन्याचे स्वप्न पडल्याची वार्ता पसरली आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे खोदकाम केले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अहवालावरून काम हाती घेतल्याचे खात्याचे म्हणणे होते. सोने निघाले नाही.

इतर देशांतील व्यवस्था

इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे १९९६ चा निधी कायदा १९९७ पासून लागू आहे. ३०० वर्षांहून जुन्या व किमान १० टक्के सोने अथवा चांदी असलेल्या वस्तू, तसेच एकाच ठिकाणी मिळालेली सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी निधी ठरतात. हलक्या धातूची नाणी असल्यास किमान १० लागतात. खबर १४ दिवसांत द्यावी लागते. संग्रहालयाने निधी घेतल्यास बाजारभावाइतके बक्षीस शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटले जाते. जी सुटी नाणी निधी ठरत नाहीत, त्यांची स्वेच्छेने नोंद करणारी योजना १९९७ पासून चालू आहे, आणि तीमुळे छंदिष्टांकडील लाखो वस्तूंचे स्थान नोंदले गेले आहे. कायदा उदार असला तरी लपवणुकीला क्षमा नाही. हेरफर्डशर परगण्यात २०१५ मध्ये सापडलेला व्हायकिंगकालीन साठा दडवून विकणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. त्या साठ्यातील बहुतेक नाणी अद्याप मिळालेली नाहीत.

स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या प्राचीन वस्तूंवर, धातू कोणताही असो, राजसत्तेचा हक्क मानला जातो. फ्रान्समध्ये पुरातत्त्वीय वस्तूंच्या शोधासाठी यंत्र वापरण्यास १९८९ पासून प्रशासनाची आगाऊ परवानगी लागते. आयर्लंडने १९८७ च्या दुरुस्तीने पुरावस्तू शोधण्यासाठी अनुमतीविना धातुशोधक वापरणे हाच गुन्हा ठरवला. भारतीय अधिनियम या दोन टोकांच्या मध्ये आहे: यंत्राबद्दल मौन, खबरीची सक्ती आणि मोबदल्यात धातूची किंमत अधिक एक पंचमांश.